कोपराखाली दोन बोटं

९ जून

मुंगे,

शेवटी कागद-पेन घेऊन बसले. तुझ्या घरी फोन केला की तुझी धाकटी बहीण उचलते, "माझा तास चालू आहे" असं मलाच दटावते आणि ठेवून देते. घरात एकच फोन आणि तोही शाळेत जाणार, मग तुझ्याशी बोलायचं तरी कधी? वसतिगृहात रात्री बडबड करून मला झोपू द्यायची नाहीस, आणि आता तुझी खबर घ्यायला मला टपाल हापीस गाठावं लागतंय.

खोल्या रिकाम्या करा म्हणाले त्या संध्याकाळी वाटलं होतं, पंधरा दिवसांची सुट्टी मिळाली. मी दोन ड्रेस घेऊन निघाले. साहित्याची पेटी, तुझी ती जाड दांड्याच्या चमच्यांची पिशवी, सगळं तिथेच कुलपात पडलंय.

इथे दोन खोल्या. पुढच्या खोलीत आईचं शिलाई मशीन, ती दिवसभर मास्क शिवते. मागच्या खोलीत दादाने ऑफिस थाटलंय आणि कोणी भांडं वाजवलं तरी तो डोळे वटारतो. म्हणून मी कपडे वाळत घालायच्या गॅलरीत, पालथ्या बादलीवर बसून विशेष शिक्षणाचे तास ऐकते. डोक्यावर ओले टॉवेल ठिबकत असतात. आपल्या बाई अर्धा तास मन लावून शिकवतात आणि मग कळतं की त्या म्यूटवर होत्या. मग बिचाऱ्या पहिल्यापासून सुरू करतात. वर्गात त्यांचं नाव आता म्यूटबाई पडलंय.

खरी बातमी पुढेच आहे आणि ती लिहायला मन कचरतंय. सराव पाठ फोनवरूनच घ्यायचं ठरलंय. प्रत्येकीला एक मूल, आणि त्या मुलाच्या घरातला फोन. तू तासाला दिसत नाहीस, म्हणून राणीसरकार माझ्याकडे दिल्या आहेत. मी मागितल्या नव्हत्या गं. शाळा बंद होईपर्यंत तू त्या पोरीच्या मागे स्टुलावर बसून पाठ मोडून घेतलीस, हे मी रोज बघत होते. पण आठ वर्षांची, एक शब्द न बोलणारी, चमचा दिसला की तोंड फिरवणारी मुलगी तळहाताएवढ्या पडद्यावरून शिकवायची कशी? काहीतरी लिही. रागावून लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
बगळी

२१ जून

बगळे,

रागावले नाही. रागवायला निवांत बसावं लागतं, तेवढी सवड नाही.

बाबा शाळेची बस चालवायचे, ती शाळेबरोबरच थांबली. आता ते दारात खुर्ची टाकून बसतात आणि रस्त्याने एखादी गाडी गेली की तिच्या इंजिनात काय बिघाड आहे ते मला ओरडून सांगतात. आई रुग्णालयात आया, तिला सुट्टी कुठली. ती आली की बाहेरच्या खोलीतच जेवते, तिथेच झोपते, आणि दाराच्या फटीतून आम्हाला हुकूम सोडते. बाकी घर माझ्या गळ्यात. धाकटीची यंदा मोठी परीक्षा आहे आणि ती माझ्यापेक्षा हुशार आहे, तेव्हा फोन तिलाच मिळायला हवा. हे मी स्वतःला रोज समजावते.

आता राणीचं. तिला भरवायचं नाही. कोणी भरवायला गेलं की ती ओठ घट्ट मिटते आणि मग सगळं घर तिच्यापुढे उभं राहिलं तरी उघडत नाही. चमचा तिच्याच मुठीत हवा. आपण समोर बसायचं नाही, मागे बसायचं. सुरुवातीला मी तिचं मनगट धरून चमचा वाटीपासून तोंडापर्यंत न्यायची. ते अंगवळणी पडल्यावर मनगट सोडलं आणि कोपरावर आले. पुढे खांदा, आणि मग काहीच नाही, असा आपला रस्ता. शाळा बंद झाली तेव्हा आम्ही कोपरापाशी होतो. कोपराखाली दोन बोटं नुसती टेकवायची. उचलायचं नाही. बोटं लागली की ती स्वतःच हात उचलते. बोटं काढली की हात आहे तिथे थांबतो आणि ती भिंतीकडे बघत बसते. घाई केलीस तर पुन्हा मनगटापासून सुरुवात.

आणि तिची आई. पहिल्याच आठवड्यात तिने मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "मॅडम, मी नसेन तेव्हा ही जेवेल ना?" मी शिकाऊ पोरगी, मी काय सांगणार होते? पण ती अशी बघत होती की मी "जेवेल" म्हणून मोकळी झाले. तो शब्द तेव्हापासून माझ्या मानगुटीवर बसला आहे. आता तो तुझ्याकडे सोपवते. जपून वापर.

मुंगी

१९ जुलै

मुंगे,

बस आधी. खरंच बस, मग वाच.

राणी एकटी जेवली.

पहिले काही आठवडे काय धुमाकूळ झाला ते तुला कसं सांगू. राणीसरकारांनी फोन चाटला, मग पाण्याच्या पेल्यात उभा केला. एकदा रेंज गेली आणि माझं उघडं तोंड तसंच पडद्यावर थिजलं, तर ती म्हणे तासभर त्याच्याकडे बघून हसत होती. मग तिच्या आईने फोन एका मोठ्या डब्याला टेकवून टेबलाच्या त्या टोकाला ठेवला. आता मला राणीचा चेहरा, वाटी, चमचा आणि मागे बसलेल्या आईचा खांदा दिसतो. मी इथून म्हणायचं "कोपर", की तिने तिथे कोपर धरायचं. माझे हात म्हणजे तिची आई. मला इथे बादलीवर बसून नुसती बोटं हवेत नाचवायची सवय लागली आहे. समोरच्या इमारतीतल्या आजोबांना वाटतं मी त्यांना हात करते, ते रोज उलट हात करतात.

गेल्या आठवड्यात एकदा कुस्करलेला बटाटा होता. मी म्हटलं, आता हात काढून बघा. पहिल्या दिवशी जमलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं. आईने उजवा हात काढला आणि वाटी सरकू नये म्हणून वाटीला धरला. आणि चमचा उचलला गेला गं. तोंडात गेला, परत आला, पुन्हा गेला. सगळी वाटी संपली. मी एवढ्या मोठ्याने रडले की माझी आई मशीन टाकून धावत आली, तिला वाटलं कोणीतरी गेलं.

म्यूटबाईंनी त्या पाठाचं चित्रण सगळ्या वर्गाला दाखवलं, आणि त्या दिवशी त्यांचा आवाजसुद्धा चालू होता. अहवालात मी "स्वतंत्रपणे जेवते" असं लिहिलं. आमच्या तुकडीत तो शब्द लिहायला मिळालेली मी पहिलीच. आणि श्रेय माझं एकटीचं नाही, रस्ता तूच आखला होतास.

राणीच्या आईलाही आता गोडी लागली आहे. मी फोन लावायच्या आधीच ती केस विंचरून तयार असते. तास संपला तरी "अजून दोन मिनिटं थांबा ना, मॅडम" म्हणते. शिकायची एवढी हौस मी आपल्या वर्गातसुद्धा बघितलेली नाही.

तुझी,
बगळी

४ ऑगस्ट

बगळे,

पत्र वाचलं आणि खरंच बसले. राणी जेवली, याचा आनंद झाला. ते माझ्या समोर झालं नाही याचं वाईट वाटलं. दोन्ही लिहिते, कारण तुझ्यापासून लपवून मी फार दिवस राहू शकत नाही.

विद्यालयाचं पत्र आलं. माझी हजेरी शून्य आहे आणि सराव पाठ नाहीत, तेव्हा वर्ष पुन्हा करावं लागेल. बाबांनी ते वाचलं, घडी घातली आणि बराच वेळ इंजिनांबद्दल काही बोलले नाहीत. धाकटी म्हणाली, "ताई, संध्याकाळी तू घेत जा फोन." पण संध्याकाळी बाबा त्यावरून काम शोधतात, आणि तोवर विद्यालयाचे तास संपलेले असतात.

एक विचारू? आईचा उजवा हात वाटीला होता म्हणतेस. डावा कुठे होता?

मुंगी

१३ ऑगस्ट

मुंगे,

डावा हात तिच्या अंगालाच असणार, आणखी कुठे असेल?

वर्ष गेल्याचं वाचून फार वाईट वाटलं. पण तुझा तो प्रश्न मला टोचला. माझ्या डोळ्यांदेखत पोरगी जेवली, बाईंनी बघितलं, सगळ्या वर्गाने बघितलं. तुला मागे बसून जे जमलं नाही ते फोनवरून कसं जमेल, असंच ना? मला वाटलं होतं, तू तरी शंका काढणार नाहीस. आठ-आठ तास पडद्यात बघून माझे डोळे चुरचुरतात, रात्री डोळे मिटले तरी चौकटी दिसतात. एवढ्या दिवसांत एकच गोष्ट धड झाली होती.

जाऊ दे. तब्येतीला जप. तुझ्या आईलाही जपायला सांग.

बगळी

२४ सप्टेंबर

मुंगे,

दीड महिना मी लिहिलं नाही आणि तूही लिहिलं नाहीस. आज लाज गुंडाळून लिहिते आहे. तुझा फोन लावला तर धाकटी परीक्षेत, संध्याकाळी लावला तर बंद. म्हणून जलद टपालाने टाकते.

राणीच्या आईला रुग्णालयात नेलं. श्वास लागत होता. घरात राणी आणि तिचे वडील, दोघंच. ते गोदामावर रखवालदार आहेत, आतापर्यंत राणीचं जेवण त्यांनी कधी बघितलेलं नाही. जाताना तिने त्यांना एवढंच सांगितलं म्हणे की मॅडमना विचारा. त्यांनी विचारलं. मी सांगितलं की ती एकटी जेवते, हात लावू नका. नाही जेवली तर थांबा, भूक लागली की जेवेल.

ती जेवत नाही. सोमवारपासून पेल्यातून थोडं दूध घेते, तेवढंच. चमचा मुठीत धरते आणि भिंतीकडे बघत बसते. वडील भरवायला गेले तर ओठ मिटून घेतले. काल त्यांनी मला फोनवर विचारलं, "मॅडम, माझं काही चुकतंय का?" मी म्हटलं, आईची आठवण येत असेल, आणखी थोडं थांबा. फोन ठेवला. मी ते जुलैचं चित्रण लावून पुन्हा बघितलं. तू विचारलेलं डोक्यात होतं. चौकटीत आईचा डावा खांदा दिसतो. प्रत्येक घासाला तो खांदा जरासा वर होतो.

मला नक्की माहीत नाही. मनगट धरायचं की कोपर, कुठून धरायचं, किती धरायचं, मी आजवर कोणाच्या मागे बसलेच नाही. काय सांगू त्यांना?

बगळी

२७ सप्टेंबर

बगळे,

तुझं पत्र परवा दुपारी आलं. उभ्याउभ्या वाचलं आणि धाकटीच्या हातातून फोन काढून घेतला. तिची परीक्षा चालू होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि वही मिटली. तो पेपर तिला नंतर पुन्हा द्यावा लागेल. त्यावर बाबा माझ्याशी बोलत नाहीत, पण फोनही परत मागितला नाही.

राणीच्या वडिलांचा नंबर माझ्याकडे शाळेपासून होता. मी म्हटलं, मागे बसा, समोर नको. चमचा तिच्या मुठीत द्या आणि कोपराखाली दोन बोटं टेकवा. ते म्हणाले, "पण त्या मॅडम म्हणाल्या, हात लावायचा नाही." मी म्हटलं, त्याच मॅडमनी मला तुम्हाला हे सांगायला सांगितलंय. एवढं खोटं चालतं.

त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. मला काही दिसत नव्हतं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. दारात उभे राहून बाबा माझ्याकडे बघत होते. मग चमचा वाटीला लागला. पुन्हा लागला. तो माणूस रडत होता बहुतेक, कारण मध्येच नाक ओढल्याचा आवाज यायचा, पण चमचा थांबला नाही. सगळं संपल्यावर त्यांनी फोन उचलला आणि म्हणाले, "मॅडम, एवढंच होतं?"

एवढंच होतं, बगळे. तू ऑगस्टमध्ये चिडलीस तेव्हा मी पुन्हा विचारायला हवं होतं. पण मला वाटलं, तू म्हणतेस तेच खरं असेल, माझाच जळफळाट होत असेल. थोडा होताही. त्यापायी पोरगी उपाशी बसली.

तू त्यांना आजच फोन कर. त्यांचा तुझ्यावर राग नाही. त्यांना वाटतंय, तूच मला पाठवलंस.

मुंगी

८ नोव्हेंबर

मुंगे,

राणीची आई घरी आली. रस्ते थोडे मोकळे झाले म्हणून मी त्यांच्याकडे जाऊन आले. जिन्यातच थांबले, ती दारात खुर्चीवर बसली होती. निम्मी झाली आहे. दोन वाक्यं बोलली की दम खाते. राणी आतून आली, माझ्या मास्ककडे बघितलं आणि आत निघून गेली. एवढे महिने रोज मला बघणाऱ्या पोरीने मला ओळखलं नाही. तिच्या लेखी मी डब्याला टेकलेली, तळहाताएवढी बाई.

मी काही विचारलं नाही. तीच आपणहून बोलली.

"तुम्ही हात काढा म्हणालात तेव्हा मी पहिल्या दिवशी खरंच काढला होता, मॅडम. तिचा हात थांबला आणि तुमचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, हिला जमत नाही म्हणून तुम्ही उद्यापासून दुसरं मूल घ्याल. मग मी डाव्या हाताने धरायला लागले. सगळं बंद होतं. दिवसभरात आमच्याकडे बघणारं दुसरं कोण होतं?"

ती केस विंचरून का बसायची ते मला तेव्हा कळलं. मी त्याला शिकायची हौस म्हणत होते.

त्या रात्री अहवाल बदलला. "स्वतंत्रपणे" खोडून "कोपराच्या आधाराने" लिहिलं आणि का ते खाली लिहून बाईंना पाठवलं. बाईंचा फोन आला. त्या ओरडल्या नाहीत, खूप दमलेल्या वाटल्या. म्हणाल्या, "राहू दे गं. यंदा सगळ्यांचेच अहवाल असे आहेत. कोणी कोणाच्या मागे बसलेलंच नाही." मी म्हटलं, माझा नको. मग नियमाने पाठ रद्द झाले. तेव्हा अभिनंदन कर, आता तुझ्याबरोबर मीही नापास.

पण मी पुन्हा येणार नाही, मुंगे. आईच्या ओळखीने एका औषधाच्या दुकानात लागले आहे. मध्ये काच असते, पलीकडून माणूस चिठ्ठी सरकवतो, आपण औषध सरकवायचं. कोणाचं काही बिघडलं तर ते माझ्यामुळे बिघडत नाही. मी समोर बसून रोज बघत होते आणि मला काहीच दिसलं नाही. अशा माणसाने मुलांच्या वाटेला जाऊ नये. तू जा. तुझे हात चांगले आहेत.

तुझी,
बगळी

१९ जानेवारी

बगळे,

वसतिगृहातून लिहिते आहे. आपल्याच खोलीतून. कुलूप उघडलं तेव्हा आत तुझी बुरशी आलेली चप्पल आणि तीन मेलेली झुरळं होती. तुझी साहित्याची पेटी शाबूत आहे. बाबांना एका गोदामाचा ट्रक मिळाला, इंजिन खराब आहे म्हणून ते खूश आहेत. धाकटीने पेपर पुन्हा दिला आणि मग तिनेच माझी बॅग भरली.

शाळेत सध्या मोजकी मुलं येतात, एका वर्गात चार. आम्हा शिकाऊंपैकी निम्म्या परत आल्याच नाहीत. आलेल्यांच्या डोळ्यांखाली काळं आहे आणि सगळ्या एकमेकींना विचारतात की आपल्याला खरंच काही येतं का. बाई आता समोर असतात, तरी बोलायच्या आधी चुकून बोट हवेत नेतात, बटण दाबायला. आम्ही हसतो, त्याही हसतात. त्यांनी तुझी जागा अजून दुसऱ्या कोणाला दिलेली नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "बघू, येते का."

राणीसरकार सोमवारी आल्या. आईने आणलं. पोरगी दोन बोटं उंच झाली आहे. माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, मास्क ना तोंडावर. मी पण ओळख दाखवायचा आटापिटा केला नाही. आपलं स्टूल घेतलं, तिच्या मागे बसले आणि चमचा मुठीत दिला. मी हात पुढे करायच्या आधीच तिने मागे न बघता कोपर माझ्याकडे सरकवलं. बगळे, मी इतके महिने कोणासमोर रडले नव्हते. त्या मास्कच्या आत सगळं भिजून गेलं आणि पुसताही येईना.

काम संथ आहे. कोपरावरून खांद्यावर जायला कदाचित उन्हाळा उजाडेल. तू म्हणतेस माझे हात चांगले आहेत. पण हात मागे असतात गं. मागे बसलेल्या माणसाला तिचं डोकं आणि तिच्या वेण्या दिसतात, पुढचं काही दिसत नाही. आपण दोघीही शिकलो ते अर्धंच शिकलो, तू समोरचं आणि मी मागचं. तुला जे दिसलं नाही ते चौकटीबाहेर होतं. इथे चौकट नाही.

आज काय झालं ते सांगते. जेवताना माझ्या मास्कची नाडी कानावरून सुटली. मी ती बसवायला दोन्ही हात वर नेले. क्षणभर विसरलेच की माझी बोटं कोणाच्या तरी कोपराखाली होती. आठवलं तेव्हा चमचा वाटीत परत येत होता आणि तो रिकामा होता. मी राणीच्या डोक्यावरून समोर बघितलं. पलीकडे तिची आई बसली होती. तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले होते, पंजे उघडे करून, मला दिसतील असे. पुढच्या घासाला राणी थांबली, भिंतीकडे बघू लागली, आणि मी पुन्हा बोटं टेकवली.

अहवालातला "स्वतंत्रपणे जेवते का" हा रकाना मी कोरा ठेवला आहे. तू समोर बसून बघितल्याशिवाय भरणार नाही.

मुंगी